आईच्या कनवटीतल्या गोळ्या

वाशीगाव, १२ फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप बाबांस,
कुंदाचा नमस्कार.

ऑपरेशनच्या इंग्रजी फॉर्मवर 'चालू असलेली औषधे' असा रकाना होता. तिथे मी 'काही नाही' असं लिहिलं आणि तुम्ही काही न विचारता खाली अंगठा उठवलात. पाठीवरच्या चट्ट्यांसाठी तुम्ही रोज पांढरी गोळी घेता हे मला ठाऊक होतं. पण ते लिहिलं असतं तर वॉर्डभर महारोग कळला असता. कॉलेजच्या शिबिरात 'कुष्ठरोग लपवू नका' असं भाषण करून टाळ्या घेतलेली मीच ती.

छाती उघडल्यावर तुमचं रक्त चॉकलेटी झालं. ऑक्सिजन देऊनही ते लाल होईना. डॉक्टर बाहेर धावत आले.

"हे कुठलं तरी औषध घेतात. नीट आठवा."

मी मान खाली घातली. आईनं कनवटीतली पुडी सोडली.

"ह्या गोल्या खातान ते, डाक्टर. पोरीला लाज वाटते, मना नाय."

मग डॉक्टरांनी त्या गोळ्यांवर उतारा म्हणून शिरेतून एक निळं औषध दिलं आणि रक्त हळूहळू लाल झालं.

काल तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना सांगत होतात, "माजी पोर बी.ए. हाय. तिनं फारम बराबर भरला, म्हनून वाचलो." आई गप्प राहिली. मीही.

आपल्या घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवते. हेही मलाच वाचावं लागेल, म्हणून पोस्टात टाकवत नाही.

तुमची शिकलेली मुलगी,
कुंदा