लंबूचं खरं नाव

रविवार, दुपारचे दोन

लंबूशेठ,

सप्रेम वगैरे वगैरे. मी मजेत नाही. तू असशीलच.

सगळं बिघडलं ते त्या मंगळवारी, मी आपल्या खोलीवर विसरलेली किल्ली द्यायला तू दुकानात आलास आणि तिनं तुझं नाव विचारलं तेव्हा. मी म्हटलं, "लंबू." ती म्हणाली, "तुला नाही विचारलं."

आमच्या पाट्यांच्या दुकानात पितळेवर नावं ती आखते, मी कोरतो. नावाचा अर्थ कळल्याशिवाय ती पेन्सिल टेकवत नाही, खोडच आहे. तू म्हणालास, "अनीस." वर अर्थही! अरबी नाव, मूळ 'उन्स', म्हणजे लळा, जवळीक. अनीस म्हणजे ज्याच्या सोबतीनं एकटेपण जातं तो. जुन्या अरबीत कोंबड्यालाही अनीस म्हणत, हे तुझ्या आजोबांचं ज्ञान. मी ओरडलो, "मग आरव की पहाटे!" ती हसली. पण तुझ्याकडे बघून.

दोन वर्षं तिच्या शेजारी बसतोय. माझ्या नावाचा अर्थ तिनं एकदाही विचारला नाही. कॉलेज अर्धवट टाकून इथं चिकटलो, ते काय पितळ आवडतं म्हणून?

मग तिनं तुझ्या नावाची पाटी आखली आणि मलाच कोरायला लावली. कोरली मेल्या, हात चळू दिला नाही. ती कागदात गुंडाळून, आत चिठ्ठी घालून तिनं माझ्याच हाती दिली. "त्याला दे हं." चिठ्ठी मी वाचली. रविवारी घरी ये, आईशी ओळख करून देते.

तो रविवार मागचा. पाटी माझ्या गादीखाली.

सोमवारी तू दुकानात आलास, तिनं मान वर केली नाही. वाटेत तू विचारलंस, "माझं काही चुकलं का रे?" मी म्हटलं, "तिचा स्वभावच तसा." काय आनंद झाला होता मला! घरी येऊन तू भात टाकलास. मी भूक नाही म्हणून बसलो, तरी दोन ताटं वाढून पाऊण तास थांबलास. "एकट्यानं घास उतरत नाही." तेव्हा तुझ्या नावाचा आला तेवढा राग कधी आला नव्हता.

काल तिला सगळं सांगितलं. वाटलं, थोबाडीत देईल. पट्टीवरचं बोटही न हलवता म्हणाली, "मला काय सांगतोस? त्याला सांग. उद्या संध्याकाळी आई घरीच आहे."

पाटी, चिठ्ठी तुझ्या उशीवर. पाचला जा. निळा शर्ट घालू नकोस, त्यात तू फार चांगला दिसतोस.

माफी मागत नाही, अजून जळतोच आहे. पण थांबलो तर तू म्हणशील, "बस रे, आधी जेवून घेऊ." ते मला झेपणार नाही. बॅग भरलीय. जिन्यावर तुझी पावलं वाजायच्या आत निघतो, दार ओढून घेतो.

तुझा
(कोण, ते तूच ठरव)