हिरवा स्वेटर मी नेलाय

नेरिडा,

तुझा हिरवा स्वेटर शोधत बसू नकोस. आजही तो घालून मी सकाळच्या ड्यूटीला गेलोय. काखेत जरा उसवलाय.

खरं सांगतो, मी तुझ्यावर जळत होतो. आपण दोघं एकाच वृद्धाश्रमात राबतो, तिथं राहणारी आजी दोघांचीही सख्खी. पण तिच्या मते ती अजून मेंढ्या कातरणाऱ्या गड्यांचा स्वयंपाक करतेय आणि तू तिचा उजवा हात. मला मात्र तिनं या महिन्यात अकरा वेळा कामावरून काढलंय. म्हटलं, ती तुला नाही, तुझ्या स्वेटरला ओळखत असेल. म्हणून काल गुपचूप घालून गेलो.

"आलीस का नेरिडा? अगं, दाढी कधी वाढवलीस? असू दे, बटाटे सोलायला घे."

मी सोलायला बसलो. आपल्या आश्रमात म्हाताऱ्यांची चूक सुधारायची नाही, हा नियमच आहे.

जरा वेळानं म्हणाली, "तुझा भाऊ कुठाय गं? आचरट आहे मेला, पण हसवतो. तुझ्यापेक्षा तोच मला आवडतो. हल्ली फिरकतच नाही."

नियमानं माझं तोंड बांधलेलं. "निरोप देते," म्हणालो.

तिनं चहाबरोबरचं बिस्किट रुमालात बांधून माझ्या हातात दिलं. "त्यालाच दे हं. वाटेत खाशील, हावरट!"

तेव्हा तुझ्यावर जळणं बंद. आता मी त्या आचरट मेल्यावर जळतोय.

बिस्किट टोस्टरशेजारी आहे. हात लावू नकोस. मीही लावलेला नाही. ते त्याचं आहे.

डेक्लन