पट्टीखालची ओळ

मॅडम, तुमची स्टीलची पट्टी अजून माझ्याकडे आहे. मोटरसायकलच्या मागे रक्ताच्या नळ्यांची बर्फाची पेटी बांधलेली असते, तिच्या झाकणाच्या कप्प्यात ती पडून असते. बारावीच्या सराव परीक्षेत ‘कोणतेही दोन सोडवा’ हे न वाचताच मी पाचही प्रश्न अर्धे अर्धे लिहून ठेवले होते. तेव्हा तुम्ही माझा पेपर वर्गासमोर धरलात आणि एरवीची पुस्तकी भाषा सोडून आपल्या बोलीवर आलात, “अरे भो, तू प्रश्न वाचून राह्यला का गिळून राह्यला?” सगळे हसले. दुसऱ्या बाकावरची ती पण हसली, आणि ती हसली म्हणून मी तिथंच पेपर फाडला. ती कोण, हे तुम्हाला माझ्याआधीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी बोलावून तुम्ही ही पट्टी दिलीत. म्हणालात, ओळीखाली धर, एक वाचून झाली की खाली सरकव, डोक्याला लगाम नाही तर निदान डोळ्यांना तरी असू दे. तुम्ही गेलात त्याला सात वर्षं झाली. पट्टीवरचे आकडे पुसट झालेत. मी तिनं रेघा मारल्या, गाडीच्या चेनचा चिखल खरवडला. वाचायला मात्र ती कधी हातात धरली नाही.

तुम्हाला वाटलं होतं मी मायक्रोबायोलॉजी घेऊन कुठं तरी पोचेन. जळगावला दुसऱ्या वर्षापर्यंत पोचलो होतो. तिला हळद लागली त्या दिवशी प्रॅक्टिकलला सरांनी नुसतं विचारलं, लक्ष कुठंय, आणि मी टेबलावरची काच आपटून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. आता एका लॅबसाठी गाडी फिरवतो. बोदवड, मुक्ताईनगरकडच्या दवाखान्यांतून रक्त गोळा करून जळगावला न्यायचं, रिपोर्टची पाकिटं परत आणून द्यायची. तिचं सासर याच रस्त्यावरच्या गावात आहे. तीन वर्षं त्या गावातून रोज दोनदा गेलो. नंबर पाठ होता, तरी फोन एकदाही लावला नाही.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. रविवारची सकाळ आहे, आम्ही चार-पाच जण शिकायला आलोय. गॅसवर भरिताची वांगी भाजताहेत, ती मेथी निवडतेय, उंबऱ्यात तुमची मांजर डोळे मिटून बसलीय. तुम्ही मेथी तीन पाण्यांतून काढता आणि पाण्यागणिक शिकवता. मांजरीच्या विष्ठेतून तो जीव मातीत येतो, मातीतून भाजीला, हाताला लागतो, अर्धवट शिजलेल्या मटणातूनही पोटात जातो, नाव टॉक्सोप्लाझ्मा. बाईला दिवस गेलेले असताना तो पहिल्यांदा अंगात शिरला, तर बाळाचे डोळे धरतो, मेंदू धरतो. इथपर्यंत मी ऐकलं. पुढचं, तिसऱ्या पाण्याचं, कानावरून गेलं, कारण तिनं ओल्या मनगटानं कपाळावरची बट मागे सारली होती. ते पुढचं आता शब्दन् शब्द आठवतं, काही उपयोग नसताना. तुम्ही म्हणाला होतात की मातीत राबणाऱ्या कितीतरी बायकांना तो आधीच होऊन गेलेला असतो, त्यांना कळतही नाही. आणि एकदा होऊन गेला की शरीर त्याला ओळखून असतं, सहसा बाळापर्यंत जाऊ देत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात बोदवडच्या एका दवाखान्यात माझ्या हातात एक नळी आली, आणि तिच्यावर तिचं नाव होतं. तिसरा महिना. पहिलं पोट पडलं होतं म्हणून डॉक्टरांनी हीपण तपासणी लिहिली होती. त्या दिवशी मी बर्फ दोनदा बदलला. दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन निघालो आणि वाटेत एका निंबाखाली गाडी उभी करून पाकिटाची पिन काढली. टॉक्सोप्लाझ्मा, आयजीजी, पॉझिटिव्ह. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा नंबर लावला. मूल आंधळं होईल म्हणालो, डोक्यात पाणी भरेल म्हणालो, घरात मांजर आहे का विचारलं. आहे, म्हणाली, उंदरांसाठी सासूनं पाळलीय. मग तिनं विचारलं,

“डाक्टर काय म्हनता?”

“डॉक्टर काय म्हणणार? मी वाचलंय ना.”

पिन पुन्हा लावून मी पाकीट दवाखान्यात दिलं. ते न्यायला कुणी आलंच नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी मलाच विचारलं, तुझ्या रस्त्यावरच्या गावची ती बाई का आली नाही, काळजीचं काही नव्हतं, एवढंच तिला सांगायचं होतं. त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पॉझिटिव्हच्या खाली आणखी एक ओळ होती. आयजीएम, निगेटिव्ह. वरची आयजीजी जुन्या लागणीची खूण, ही ताज्या लागणीची. म्हणजे ताजं काहीच नाही, केव्हाचं तरी जुनं, होऊन गेलेलं. बाळाला त्याचा धोका नव्हता. तुम्ही तिसऱ्या पाण्याला सांगितलं होतं तेच.

तोवर सगळं होऊन गेलं होतं. हे मला तिनंच सांगितलं, पुढच्या महिन्यात, दवाखान्याच्या पायरीवर. अंगात रक्त राहिलं नाही म्हणून ती लोहाच्या गोळ्या न्यायला आली होती. सासू म्हणाली होती, आंधळं लेकरू कोन संभाळीन, आणि कुठून तरी पोट पाडायच्या गोळ्या आणल्या होत्या. डॉक्टरकडे जायची गरजच वाटली नाही त्यांना, शिकलेल्या पोरानं सांगितलं होतं ना. मांजरीला पोत्यात घालून नदीपल्याड सोडून आले. हे सांगताना ती पदराला हात पुसत होती. हात कोरडेच होते, साबणानं धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या.

“तुह्यामुळं समजलं रे,” ती म्हणाली. “नाहीतं जन्माचं झालं असतं.”

मग तिनं विचारलं, आता हे माझ्या अंगातच राहीन का, पुढच्या टायमालेही असंच व्हईन का. मला दोन वाक्यं बोलायची होती, मॅडम. पहिलं, तुला काही झालेलं नाही. दुसरं, तेव्हाही नव्हतं. पहिलं बोललो असतो तर तिनं दुसरं विचारलं असतं. मी म्हणालो, डॉक्टरांना विचार. ती म्हणाली, डाक्टरची भीती वाटते, आता लेकरूच नको. आणि गोळ्यांची पिशवी घेऊन रिक्षाकडे गेली.

ज्या माणसाचा फोन घ्यायला तिनं नकार द्यायला हवा होता, त्याचे ती आभार मानून गेली. रोज गाडीवर स्वतःला शिव्या देतो, त्यानं काही होत नाही. राग आला की काहीतरी फोडायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. आता फोडायलाही काही उरलेलं नाही.

हे पत्र घडी करून पेटीच्या कप्प्यात तुमच्या पट्टीशेजारी ठेवीन. तुमच्या घरात आता दुसरे लोक राहतात. खरं तर ज्या घरी हे सगळं सांगायला जायला हवं, ते माझ्या वाटेवरच आहे. आज दुपारीही तिथून गेलो, गाडी हळू केली नाही. आणि एक राहिलं. मी आजवर स्वतःला सांगत आलोय की घाईत ती खालची ओळ दिसली नाही. दिसली होती, मॅडम. पॉझिटिव्हच्या खाली काहीतरी छापलंय, हे मला त्या निंबाखाली नीट दिसलं होतं. पण तोवर तिला फोन लावायला कारण मिळालं होतं, आणि ते मला सोडवेना.