ॲम्प्लिफायरची खोळ

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तू पत्र पाठवत नाहीस, त्याअर्थी तिकडेही ठीकच असणार. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा बाप चौथ्या मजल्यावर बिनलिफ्टचा राहतो, यावर माझ्याबरोबरचे मेकॅनिक अजून हसतात.

कामाचं लिहितो. येत्या एकोणीसला नानांना ऐंशी पुरी होतात. त्या दिवशी मी माझं पेडल स्टील गिटार घेऊन तुमच्याकडे येणार. तू म्हणशील, ज्यांना सहा वर्षं काही ऐकू येत नाही त्यांच्यापुढे वाजवून काय मिळवणार. पण ताई, नानांनी माझं वाजवणं एकदाही ऐकलेलं नाही. ऐकू येत होतं तेव्हा त्याचं आडवं अंग आणि चार पाय बघून त्यांनी त्याला इस्त्रीचं टेबल म्हटलं, आणि माझा हात बसेपर्यंत त्यांचे कान गेले. अगदी जवळ बसवून, मोठ्या आवाजात, एकदा तरी त्यांच्या कानात काही शिरावं एवढीच इच्छा आहे. आई गुणगुणायची ती चाल बसवली आहे.

अडचण ॲम्प्लिफायरची. माझा जुना खोका चौतीस किलोंचा, आणि पाठीच्या डॉक्टरांनी आठ किलोंवर काही उचलायचं नाही असं बजावलंय. वाद्य वर चढवायला दोन मेकॅनिक तयार आहेत, पण एकच वस्तू उचलू, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलंय. एक छोटा खोका पाहून ठेवला आहे. त्याची मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत, आपली तुझ्या माहितीसाठी.

आहे तो लोभ वाढवावा, निदान पत्रं तरी वाढवावीत.
तुझा, धाकटा


८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं आणि मापं बघून हात शिवशिवले. खोळ तयार आहे, सोबत पाठवते आहे. जाड निळं कापड, कडेला लाल पाईपिंग, वर चेन. माझ्या दुकानात लोक आधी सोफा घेतात, मग खोळ शिवायला येतात. वस्तूच्या आधी खोळ पहिल्यांदाच झाली. तेव्हा आता जो घेशील तो यात बसणारा घे.

नाना ठणठणीत आहेत. मी पाटीवर लिहिते, ते मोठ्यांदा उत्तर देतात. कानाचे डॉक्टर म्हणाले, कानातलं इवलंसं हाड आखडलंय, त्यामुळे आवाज आत पोचत नाही, पण आतला कान शाबूत आहे. मला काही उमगलं नाही, मी मान हलवली. नानांची सुतारकी सुटली तरी सवय जात नाही. टेबल दिसलं की त्यावर गाल टेकवायचा आणि एक डोळा मिटून पातळी बघायची. परवा पाहुणे चहा घेत होते, तर हे दोन कपांच्या मध्ये गाल टेकवून. पाहुण्यांनी कप उचलून मांडीवर धरले.

तुझा जीव कशात अडकलाय ते मला कळतं. पण नाहीच ऐकू आलं तर तोंड पाडून बसू नकोस.

लोभ आहेच, खोळ जपावी.
तुझी, ताई


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी खोळ घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आधी खोळ पाहिली, मग मला, मग परत खोळ. त्यानंतर लहान मुलाला सदरे घालून बघावेत तसे आम्ही एकेक खोके खोळीत घालून पाहिले. पहिला आत हरवलाच, शिवाय आवाज डबीत कोंडलेल्या डासाचा. मापं लिहिलेला दुसरा अगदी बेतल्यासारखा बसला, पण पेडल दाबून सूर वर चढवला की त्याचा घसा बसतो. तिसरा साडेसात किलोंचा, बारा इंची स्पीकर, आणि सूर कितीही लांबवला तरी शेवटपर्यंत स्वच्छ. माझ्याच अंगावर काटा आला.

फक्त तो सगळीकडून अर्धा इंच मोठा निघाला. खोळ बसली नाही असं तुला कळवायची माझी हिंमत नाही, हे मी दुकानदाराला सांगितलं. त्यालाही बहीण असावी. त्याने खोका धरला, मी गुडघा लावला, आणि गेला एकदाचा आत. चेनही लागली. आता तिकडे आल्यावरच उघडू.

भेटीअंती लोभ दुप्पट व्हावा.
तुझा, धाकटा


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

रागातच लिहितो आहे. चेनची कडी माझ्या हातात तुटून आली आणि खोळ उघडेना, हे ठीक. पण तू कात्री पाठीमागे धरून उभी राहिलीस आणि ‘माझ्या पाईपिंगला हात लावायचा नाही’ म्हणालीस, हे मी विसरणार नाही. नानांच्या ऐंशीव्या वाढदिवशी खोका खोळीत आणि मी बाहेर.

तसाच वाजवायला बसलो. बिनॲम्प्लिफायरचं ते वाद्य दोन हातांवरच्या धडधाकट माणसाला ऐकू जात नाही. आणि नाना! त्यांनी वाद्याभोवती एक फेरी मारली, वाकले, आणि त्याच्या कडेवर गाल टेकवून पातळी बघायला लागले. मी पाऊण तास वाजवलं आणि पाऊण तास ते दोन्ही डोळे मिटून पातळी बघत होते. आईची चाल संपली तरी मान वर केली नाही. मी न जेवता निघालो, तुला वाईट वाटलं असेल, मला जास्त वाटलं.

वाद्य तिथेच राहू दे. कुणी इस्त्रीसाठी मागितलं तर देऊन टाक.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.
धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने माझ्यापुढे आणून टाकलं, म्हणून लिहितो.

तुझ्या वाद्याचा उजवा पुढचा पाय दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी आहे. तेच बघायला मी वाकलो होतो, खोटं कशाला बोलू. गाल टेकवला आणि जबड्यातून काहीतरी डोक्यात शिरलं. आधी वाटलं चक्कर येते आहे. मग कळलं की हा सूर आहे. एकदा मान वर करून पाहिली तर सगळं बंद. पुन्हा टेकवली तर चालू. त्यानंतर मान वर करायचा मला धीर झाला नाही.

तिसरी चाल तुझ्या आईची होती. दुसऱ्या ओळीत ती जिथे घसरायची, तिथेच तूही घसरलास. मुद्दाम केलंस की तुला ती तशीच आठवते, ते विचारायचं होतं. चाल संपल्यावर मी पुढचीची वाट बघत तसाच थांबलो. डोळे पुसून वर पाहिलं तर तुझी खुर्ची रिकामी.

इस्त्रीचं टेबल म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो. खोका मात्र आता उघडू नकोस. ताईच्या खोळीसकट तो मी पाय ठेवायला घेतला आहे, उंचीला बरोबर आहे. वाद्याच्या आखूड पायाखाली घालायला पाचर करून ठेवली आहे. ती तू वाजवत असतानाच बसवावी लागेल, नाहीतर पातळी कळणार नाही. तेव्हा दर रविवारी यावं. हे काम दोन-तीन वर्षं चालेल असा माझा अंदाज आहे.

लोभ आधीपासून आहे. सांगायला उशीर झाला, तेवढं सांभाळून घ्यावं.
नाना