चुलीत न गेलेलं पत्र

पुणे,
मंगळवार, १७ नोव्हेंबर १९९८

ती. दादा,

तुला आणि कौसल्यावहिनीला नमस्कार, छकुलीला आशीर्वाद. मी बरी आहे. माळेगावच्या कारखान्याचं गळीत सुरू झालं असेल. आपल्या उसाला तोड मिळाली का? आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, तेल लावून उन्हात बसत जा आणि गोठ्यात वाकणं आता बंद कर.

परवा वहिनीचा फोन आला. बिचारी तू पढवलेलं बोलत होती. "ताई, बारामतीत भाषण करू नका म्हणत्यात हे. करायचंच आसंल तर आडनाव तरी लावू नका. आमाला हितं तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय." मी विचारलं, "हे त्याला स्वतः बोलायला काय झालं?"

तर ऐक. बारामतीच्या काही वकिलांनी मला बोलावलंय, शनिवारी अठ्ठावीस तारखेला, संध्याकाळी पाचला. विषय कलम तीनशे सत्त्याहत्तर. दोन पुरुष आपल्या राजीखुशीने एकत्र राहत असले तरी त्यांना जन्मठेपेपर्यंत नेऊ शकतं ते कलम. आणि फळ्यावर नाव प्रा. स्वरूपा देवकाते असंच लागणार. मेंढरांमागं पायपीट करून आबांनी मला शिकवलं, ते नाव लपवायला नाही.

लॉ कॉलेजात शिकवायला लागले त्या वर्षी हे कलम मी खाली बघून एका मिनिटात उरकलं होतं. दुसऱ्या वर्षी जुने निकाल वाचून गेले. मागच्या बाकांवर हसू फुटलं. मी म्हटलं, "हसा, पण आधी सांगा, यात नुकसान कुणाचं झालं?" पुढच्या वर्षी त्याच कलमाला चार तास दिले, तेव्हा प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"मॅडम, यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. चार तास कशाला?"

"परीक्षेत येत नाही सर, पोलीस चौकीत येतो."

यंदा बढती माझ्या मागून लागलेल्याला मिळाली. मी त्याच आठवड्यात पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय हाच.

तुला वाटतं हे सगळं इंद्रजितमुळे. हो, त्याच्यामुळेच. तीन वर्षं मी त्याची बायको होते. त्याने कधी आवाज चढवला नाही, आणि नवरा म्हणून कधी जवळही आला नाही. मग त्याच्या बॅगेत भिगवणच्या भीमाचं पत्र सापडलं. इंद्रजित समोर बसून म्हणाला, "घरच्यांना नाही म्हणायची हिंमत झाली नाही, स्वरूपा. तुझा मी गुन्हेगार आहे." मी तांब्या फेकून मारला. त्याच्या कपाळावर खूण अजून आहे. आम्ही दोघांच्या संमतीने घटस्फोट घेतला आणि लोकांना सांगितलं, जमलं नाही. फसवलं त्याने मला, हे मी आजही त्याच्या तोंडावर म्हणते. पण त्याला चौकीत मार बसावा असं माझ्या मनात कधी आलं नाही.

गेल्या वर्षी कुणीतरी निनावी अर्ज केला आणि दोघांना भीमाच्या खोलीतून उचललं. पेपरात नावं आली. इंद्रजितची शाळेतली नोकरी गेली. इंदापूरच्या कोर्टात मी जामीन राहिले. बाहेर भीमा हात जोडून म्हणाला, "म्याडम, तुमी कशापायी आला? तुमचं तर आमच्यामुळंच वाटुळं झालं."

मी म्हटलं, "माझं वाटोळं झालंय, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे."

तो हसला आणि मग तिथंच पायरीवर बसून रडला.

ऑगस्टमध्ये दोघं सुटले. पुराव्यात काही नव्हतंच. एक अर्ज आणि त्याला जोडलेलं एक पत्र. आमच्या वकिलांनी ते वाचून दाखवलं. 'पाणी उतरलंय, मासळी कमी आहे, तुझ्याशिवाय जेवण गोड लागत नाही.' मग विचारलं, "यात गुन्हा कुठला, साहेब?"

एवढं लिहून दोनदा उठले. चहा केला, तो तसाच गार झाला. आता लिहितेच.

ते पत्र मी ओळखलं, दादा. खटल्याची कागदपत्रं वाचायला वकिलांनी माझ्याकडे दिली होती, त्यात ते निघालं. ब्याण्णव साली बॅगेतून काढून मी ते एकट्या तुझ्या हातात दिलं होतं. आठवडाभराने मी परत मागितलं तर तू म्हणालास, "चुलीत घातलं. विसरून जा आता." पाच वर्षं जपून ठेवलंस, आणि मी इंद्रजितशी पुन्हा माणसासारखी बोलायला लागले तेव्हा बाहेर काढलंस.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. इंद्रजितला नाही, आईला नाही. महिन्याभरापूर्वी भाऊबीजेला आले, तुला ओवाळलं, लाडू खाल्ला आणि पुण्याला परत आले. त्या गप्प बसण्याला मी माया म्हणत होते. ती भीती होती. आणि भीती तुझी नव्हती. तुझं नाव घेतलं की माझंही घ्यावं लागेल याची होती. दुसऱ्याचं पत्र चोरून तुझ्या हातात दिलं ते मीच. वर्गात पोरांना ताठ उभं राहायला शिकवायचं आणि हे पोटात ठेवायचं, हे माझ्याच्यानं आता होत नाही.

इंद्रजित हल्ली भिगवणला भीमाच्या मासळीच्या काट्यावर बसतो. शाळेची सवय गेलेली नाही, कोळ्यांच्या पोरांच्या वह्याही तपासतो. शनिवारच्या आत जा. अर्ज तू केलास हे त्याच्यासमोर उभा राहून सांग. माफी मागायची की नाही ते तुझं तू बघ.

मी शनिवारी बारामतीत बोलणार, आणि रविवारी सकाळच्या एसटीने भिगवणला उतरणार. तू येऊन गेला असशील तर मला कळेलच. नसशील, तर तुझं आणि माझं, दोन्ही मी सांगेन. माझं आधी.

उत्तराची वाट न पाहणारी,
तुझी धाकटी बहीण
स्वरूपा