उन्हात ठेवलेल्या बाटल्या

३ मार्च

नोकरी लागली एकदाची! काम ऐकून आई हसून हसून बेजार झाली. शिकूनसवरून शेवटी लोकांची लघवी सांभाळणार का, म्हणाली. सांभाळणार तर! घाबरलेल्या माणसाच्या लघवीत भीतीचं हार्मोन उतरतं. नमुना गरमीत राहिला की ते विरून जातं. ॲसिड घालून फ्रीझरमध्ये ठेवला की टिकतं. कसं आणि किती टिकतं, हेच आमचं संशोधन. बाटल्या वरच्या मजल्यावरून येतात. फ्रीझर सांभाळणाऱ्या मावशींनी सगळं हाताला धरून शिकवलं. धाकट्या भावालाही प्रयोगशाळेच्या सरांनी नमुने द्यायला ठेवून घेतलं. राहणं-खाणं वरच. स्वारी खूश आहे.

७ मार्च

आज मी माती खाल्ली. चहाच्या नादात अख्खा ट्रे खिडकीत उन्हात राहिला, ॲसिडही घातलं नव्हतं. हार्मोन जवळजवळ शून्य! आता सर सोलून काढणार म्हणून जीव मुठीत धरून गेले, तर ते चक्क हसले. पुन्हा घेऊ नमुने, म्हणाले. देवमाणूस.

८ मार्च

नव्या बाटल्यांत रक्त होतं. भावाच्या बाटलीत सगळ्यात जास्त. वर जाऊ नकोस, असं मावशी म्हणाल्या. गेले. दाराच्या काचेतून पाहिलं. त्याला खुर्चीला बांधून दोघे लोखंडी नळीने गुडघ्यांवर मारत होते. सर शेजारी उभे. घाबरवल्याशिवाय भीती येणार कुठून, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. म्हणजे माझ्या चहापायी त्याला हा दुसऱ्यांदा मार! मी सरांचा गाल ओरबाडला. त्यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं. फोन काढून घेतलाय, दार बाहेरून बंद आहे. काम थांबवलंस तर तो मेला समज, म्हणाले.

१० मार्च

मीही काही कमी नाही. त्याच्या बाटल्या ॲसिड न घालता मुद्दाम उन्हात ठेवतेय. आकडा शून्य आला की पोरगा कामाचा नाही म्हणून सोडून देतील.

११ मार्च

शून्य आला. सुटला म्हणून रडले मी. दुपारी वरून हाड मोडल्याचा आवाज — मग त्याची किंकाळी — मावशींनी कपाळावर हात मारला. हे काय करून बसलीस, म्हणाल्या. शून्य म्हणजे तो घाबरलाच नाही, असं धरतात. मग आणखी मारतात.

मी केलं. मीच.

१२ मार्च

ॲसिड घातलं. बर्फात ठेवलं. थेंब वाया जाऊ दिला नाही. आकडा भरपूर आला — सरांनी माझी पाठ थोपटली. आता तरी थांबवा म्हणून पाय धरले. इतका छान आकडा आल्यावर थांबवतं का कोणी, म्हणाले.

१३ मार्च

वरून आवाज नाही. सकाळपासून नाही.

त्याची बाटली आली. आत्ताच घेतलीय म्हणे — पण गार आहे. जिवंत माणसाची ताजी बाटली हाताला कोमट लागते. ही गार. मेल्यावर पोटात सुई खुपसून काढली त्यांनी —

राजा माझा —

मावशी रडत दुसरी बाटली ठेवून गेल्या. रिकामी. चिठ्ठीवर माझं नाव.

जिन्यावर सर. नळी पायऱ्यांवर आपटतेय. ॲसिडची बरणी उघडली — येऊ दे त्याला — आधी डोळ्यांत, मग