चकचकीत हुकाची तपासणी

नागपूर

तीर्थरूप बाबांस,
गौरवीचा साष्टांग नमस्कार.

मी कुशल आहे. आईचा गुडघा कसा आहे?

काल इथल्या कारखान्यात क्रेनचा हुक तपासला. मी येणार म्हणून लोकांनी तो आरशासारखा घासला होता. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात त्यावर माझाच चेहरा उमटला. चकाकी म्हणजे मजबुती, असा यांचा अडाणी समज. ती चकाकी झाकायला मी हुकाला काळा रंग लावून घेतला. मुकादम म्हणाला, "मॅडम, नवरीला काजळी फासता?" मग हुकाला उष्ण झोत दिला, तेव्हा कॅमेऱ्यात एका जागी उष्णता अडलेली दिसली. आत भेग होती. हुक बाद केला.

पाळी गावातल्या आपल्या गॅरेजातला हुक तुम्हीही दर दसऱ्याला लखलखीत करता. गणेश चवथीला कॅमेरा घेऊन येते. तोवर ट्रकचे इंजिन त्यावर टांगून गौरेशला खाली उभा करू नका. हे अभियंता म्हणून लिहिले. त्याची ताई म्हणून लिहवत नाही.

तुमची,
गौरवी